लंडनच्या बाजारात

(परक्या शहरात खाण्यापिण्याचे सामान विकत घेणे ही वरवर साधी गोष्ट आहे. परंतु त्यासाठी तेथील रीती ठाऊक असाव्या लागतात. लंडन शहरात बाजारहाट करताना कसे बोलावे, कसे वागावे आणि काय पाहून घ्यावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, देवगाव रंगारीच्या आठवडी बाजारात तुम्ही अनेकदा गेला असाल. हातात पिशवी, खिशात अम्मीने दिलेले पैसे आणि डोक्यात तिने सांगितलेली यादी! बाजारात शिरताच ओळखीच्या हाका कानांवर येतात. तुम्ही भाव विचारता, थोडी घासाघीस करता. द्राक्षाचा एखादा मणी तोंडात टाकून गोडी पाहता. भाजीवाल्या मावशी वजन झाल्यावर कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकतात. या रीती तुम्हांला कोणी शिकवल्या नाहीत. मोठ्यांबरोबर जाऊन, पाहून पाहून तुम्ही त्या शिकलात.

आता अशी कल्पना करा, की तुमची खाला लंडनमध्ये राहते आणि सुट्टीत तुम्ही तिच्याकडे गेला आहात. एके सकाळी ती म्हणते, "बेटा, मी कामावर निघाले. एवढे सामान तू घेऊन ये." यादीत दूध, पाव, टोमॅटो, कांदे, अद्रक आणि कोंबडी आहे. वस्तू ओळखीच्याच आहेत. मग अडचण कोठे येईल? अडचण येईल ती रीतीची.

घरातून निघताना पिशवी बरोबर घ्या. इंग्लंडमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीला वेगळे पैसे पडतात. २०१५ साली मोठ्या दुकानांत पिशवीमागे ५ पेन्स आकार सुरू झाला. २०२१ साली तो किमान १० पेन्स झाला आणि लहान दुकानांनाही लागू झाला. तेथील चलन पौंड आहे. एका पौंडाचे १०० पेन्स होतात. पूर्वी हा हिशेब फार किचकट होता. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ती पद्धत बंद झाली. आपल्याकडेही रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, हे तुम्ही आजोबांकडून ऐकले असेल.

दिवसही पाहून निघा. रविवारी इंग्लंडमधील मोठी दुकाने फक्त सहा तास उघडी असतात. लहान दुकानांना हे बंधन नाही. बसने जायचे असेल, तर नोटा-नाणी कामाची नाहीत. २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहावे. डावी बाजू घाईने चालत जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात.

दुकानात पोहोचलात, की पहिली गोष्ट म्हणजे रांग. दोनच माणसे असली, तरी तेथे रांग लागते. बाजारातल्या गाड्यावर किंवा बसच्या थांब्यावर रांग डोळ्यांना दिसतही नाही. तरी आपल्या आधी कोण आले, हे प्रत्येकाच्या लक्षात असते. शंका आली, तर जवळच्या माणसाला विचारावे, "आपण रांगेत आहात का?" मध्ये घुसणाऱ्यावर तेथे कोणी सहसा ओरडत नाही. लोक फक्त नाराजीने पाहतात. परंतु त्या पाहण्यातच सारे बोलणे येते. रांग मोडणे म्हणजे दुसऱ्याचा वेळ चोरणे होय.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलणे. ही जरा समजून घ्या. मराठीत आपण लहानाला 'दे' म्हणतो आणि मोठ्याला 'द्या' म्हणतो. उर्दूत तुम्ही 'दो' आणि 'दीजिए' असे म्हणता. आदर क्रियापदातच मिसळलेला असतो. त्यामुळे "एक किलो टोमॅटो द्या" या वाक्याला आणखी गोड शब्दाची गरज पडत नाही. इंग्रजीत मात्र तू, तुम्ही आणि आपण या सर्वांसाठी आज 'यू' हा एकच शब्द वापरतात. क्रियापदही बदलत नाही. मग आदर दाखवायचा कसा? तो 'प्लीज' आणि 'थँक यू' या छोट्या शब्दांनी दाखवतात. आपले वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत केले आणि 'प्लीज' विसरले, तर आपल्या मनात आदर असूनही ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. चूक मनाची नसते, भाषेची असते. म्हणून मागताना 'प्लीज', वस्तू हातात पडताच 'थँक यू', वाट मागताना 'एक्सक्यूज मी' आणि धक्का लागताच 'सॉरी' म्हणावे. पुष्कळदा ज्याला धक्का लागला, तोही 'सॉरी' म्हणतो! त्याचे हसू करू नका. तुम्हीही म्हणा.

तिसरी गोष्ट म्हणजे हात. मोठ्या दुकानात फळे-भाज्या आपणच निवडून घेतो. तेथे फळे उगाच दाबून पाहू नयेत. रस्त्यावरच्या बाजारात मात्र विक्रेता स्वतः काढून देतो. तेथे हात लावण्याआधी विचारावे. काही ठिकाणी फळांनी भरलेले वाडगे मांडलेले असतात आणि पूर्ण वाडग्याची एकच किंमत लिहिलेली असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे देण्यापूर्वी द्राक्षाचा मणी तोंडात टाकू नका. आपल्या बाजारात ती चव पाहणे असते. तेथील दुकानात ती चोरी समजली जाते. दुकानातील वस्तूंवर किंमत लिहिलेली असते, त्यामुळे घासाघीस चालत नाही. मात्र संध्याकाळी मुदत संपत आलेल्या पदार्थांवर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात. काटकसरी लोक त्या चिठ्ठ्यांवर नजर ठेवून असतात.

आता दूध घेऊ या. दुधाच्या बाटलीवर लिटरबरोबर 'पाइंट' हे जुने मापही लिहिलेले असते. एक पाइंट म्हणजे सुमारे ५६८ मिलिलिटर. निळ्या खुणेचे दूध सायीचे, हिरव्या खुणेचे निम्मी साय काढलेले आणि लाल खुणेचे साय काढलेले, अशी सर्वसाधारण रीत आहे.

वेष्टनावरील तारीख नीट वाचा. तेथे तारखांचे दोन प्रकार असतात. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख आहे. ती उलटल्यावर पदार्थ चांगला दिसला, तरी खाऊ नये. 'बेस्ट बिफोर' ही चवीची तारीख आहे. ती उलटली म्हणून पदार्थ लगेच खराब झाला, असे नाही.

तारखेइतकेच घटक वाचणे महत्त्वाचे आहे. आपल्या देशात शाकाहारी पदार्थांच्या पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो. तसे सक्तीचे चिन्ह इंग्लंडमध्ये नाही. म्हणून बारीक अक्षरे वाचावी लागतात. गोळ्या आणि जेलीत 'जिलेटिन' असते. ते जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून करतात आणि ते डुकराचेही असू शकते. 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी. ती काही पेस्ट्रीत असते. काही केकमध्ये रम किंवा शेरी हे मद्य घालतात. जो हलाल खातो आणि जो शाकाहारी आहे, त्या दोघांनाही हे वाचावेच लागते. दाणे, दूध, अंडी, तीळ अशा १४ पदार्थांची काहींना बाधा होते. पाकिटातील घटकांच्या यादीत या पदार्थांची नावे ठळक केलेली असतात.

यादीतली कोंबडी अजून राहिली आहे. लंडनमध्ये 'हलाल' अशी पाटी असलेली दुकाने पुष्कळ आहेत. पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल रस्त्यावर मोठी मशीद आहे आणि जवळच रस्त्यावरचा बाजार भरतो. तेथे बंगाली लोकांची वस्ती मोठी असल्याने २०२२ साली रेल्वे स्थानकावर बंगाली लिपीतील पाटी लागली. पश्चिमेकडील साउथॉलच्या स्थानकावर गुरुमुखी लिपीतील पाटी आहे. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकाने आहेत. अशा ठिकाणी अद्रक, हिरव्या मिरच्या, मेथी आणि डाळी सहज मिळतात. मराठी माणसेही तेथे जुनी आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. तरीही एक लक्षात ठेवा. दुकानदार आपल्याकडचा असला, तरी रांग तीच आणि 'थँक यू' तेच!

आज ही सोय आहे. पूर्वी ती नव्हती. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये भारतीय पदार्थांचे भोजनगृह काढले. परंतु ते फार दिवस चालले नाही. १८१२ साली त्यांचे दिवाळे निघाले. आज त्या जागी त्यांच्या नावाची पाटी आहे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी तरुण मोहनदास गांधी शिक्षणासाठी मुंबईहून बोटीने निघाले. मांस खाणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. लंडनमध्ये ते ज्यांच्या घरी राहत, तेथे पानात पाव आणि उकडलेली भाजी येई. भूक मोठी होती. तरी पावाचे दोन-तीन तुकडे खाल्ल्यावर आणखी मागण्याची त्यांना लाज वाटे. अर्धपोटी राहून ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत आणि शाकाहारी खानावळ शोधत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर अशी खानावळ सापडली. इंग्लंडमध्ये आल्यानंतर प्रथमच ते पोटभर जेवले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्टही अशीच आहे. १९२१-२२ मध्ये ते लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. त्या विद्यार्थिदशेत जेवण अपुरे पडे. रात्री अभ्यास करताना भूक लागली, की ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांवर ते वेळ भागवीत. अशा स्थितीत त्यांनी १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळवली. पुढे १९५० साली त्यांनीच आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय. लंडनचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. (पापडावरून आठवले. तुम्हीही पापड नेऊ शकता. परंतु मांसाचे आणि दुधाचे पदार्थ भारतातून सामानात नेण्यास तेथे मनाई आहे. खालासाठी पेढे नेऊ नका!)

या मोठ्या माणसांच्या गोष्टींतून काय शिकावे? परक्या गावात माणूस अन्न नसल्यामुळे जितका उपाशी राहतो, तितकाच विचारण्याच्या संकोचामुळे राहतो. "यात जिलेटिन आहे का?", "ही वस्तू कोठे मिळेल?", "हे हलाल आहे का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. रांगेत उभे राहून, 'प्लीज' म्हणून विचारणाऱ्याला उत्तर मिळतेच. बोली तुटकीफुटकी असली, तरी चालते.

आता पुन्हा आपल्या गावी या. आपल्या जिल्ह्यात वेरूळ आणि अजिंठा येथील लेणी आहेत. ती पाहायला देशोदेशींचे लोक येतात. त्यांतला एखादा उद्या आपल्या आठवडी बाजारात वाट चुकल्यासारखा उभा दिसेल. भाव कसा विचारावा, हे त्याला कळणार नाही. द्राक्ष चाखून पाहायला तो कचरेल. रांग शोधत तो बिचारा मागेच राहील! त्याला हसू नका. त्याच्याकडून जादा पैसे घेऊ देऊ नका. लंडनमध्ये तुम्ही जसे नवखे होता, तसाच तो येथे नवखा आहे. पुढे व्हा आणि त्याला द्राक्षाचा एक मणी चाखायला द्या.

शब्दार्थ

घासाघीस करणे – भाव कमी करण्यासाठी बोलणे
किचकट – समजायला अवघड
वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण
बाधा होणे – त्रास होणे
दिवाळे निघणे – धंदा बुडणे, कर्ज फेडता न येणे
अर्धपोटी – पोट न भरता
वेळ भागवणे – असेल त्यात निभावून नेणे
संकोच – लाज, भीड
कचरणे – मागेपुढे पाहणे, धजत नसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका पौंडाचे किती पेन्स होतात?
(आ) लंडनचे महाराष्ट्र मंडळ कधी स्थापन झाले?
(इ) गांधीजींना शाकाहारी खानावळ कोठे सापडली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'यूज बाय' आणि 'बेस्ट बिफोर' या तारखांत काय फरक आहे?
(आ) इंग्रजीत 'प्लीज' या शब्दाला एवढे महत्त्व का आहे?
(इ) परक्या गावात माणूस संकोचामुळे उपाशी राहतो, हे लेखकाने कसे पटवून दिले आहे?

प्र. ३. पुढील वाक्ये विनंतीच्या रूपात लिहा.
नमुना : दोन किलो कांदे दे. – दोन किलो कांदे देता का?
(अ) बाजूला हो. (आ) भाव सांग. (इ) पिशवी धर.

प्र. ४. बाजार, दुकान, किंमत, हिशेब हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : पुढच्या आठवडी बाजारात जा. नवख्या पाहुण्याला उपयोगी पडतील अशा आपल्या बाजारातील पाच रीती मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.