ताटातला घास

प्रस्तावना

जेवायला बसण्यापूर्वी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास बाजूला काढून ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत होती. संत नामदेवांची कथाही सर्वांच्या परिचयाची आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे परंपरा सांगते. मुक्या जीवाला आपल्या ताटातले द्यावे, हा संस्कार असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु आपल्या ताटातले अन्न त्या जीवाला मानवते का? तो मागतो म्हणून द्यावे का? या प्रश्नांचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- कुत्र्यामांजरांना माणसाच्या अन्नाची ओढ का वाटते, याची कारणे सांगणे.
- त्यांना अपायकारक असलेले नेहमीचे पदार्थ ओळखणे.
- भटक्या प्राण्यांना अन्न देताना पाळावयाच्या जबाबदाऱ्या स्पष्ट करणे.
- पाठातील वाक्प्रचार व सामासिक शब्द यांचा योग्य उपयोग करणे.

मूळ पाठ

१. बाजारातील संध्याकाळ

बंगळूरशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १६३८ मध्ये हे शहर आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. याच शहराच्या जुन्या छावणी भागात शिवाजीनगर वसले आहे. सेंट मेरी बॅसिलिका आणि रसेल मार्केट ही तेथील ठळक ठिकाणे. ब्रिटिश अमदानीत, १९२७ साली बांधलेल्या या मंडईत भाजीपाला, फळे, मासळी आणि मांस यांची विक्री होते. संध्याकाळ झाली की आसपासच्या गल्ल्यांतून कबाबाचा धूर आणि बिर्याणीचा वास दरवळू लागतो.

त्या वासाने माणसे थबकतात, तशीच कुत्रीही थबकतात. मासळीच्या पाटीखाली मांजर दबा धरून बसते. कुणी उरलेल्या बिर्याणीची पत्रावळ रस्त्याकडेला ठेवतो, कुणी हाडूक भिरकावतो. देणाऱ्याला पुण्य केल्याचे समाधान मिळते आणि घेणारा शेपूट हलवतो. वरवर पाहता येथे कुणाचेच नुकसान झालेले दिसत नाही.

याच शहरात जुलै २०२५ मध्ये तत्कालीन महानगरपालिकेने भटक्या कुत्र्यांना शिजवलेले अन्न देण्यासाठी निविदा काढली. सुमारे ५,००० कुत्र्यांसाठी वर्षाला सुमारे २ कोटी ८८ लाख रुपयांचा खर्च योजला होता. प्रत्येक कुत्र्यासाठी १५० ग्रॅम कोंबडीचे मांस, १०० ग्रॅम भात, १०० ग्रॅम भाज्या आणि १० ग्रॅम तेल असे प्रमाण होते. त्यावर मोठा वाद झाला. माणसे उपाशी असताना हा खर्च कशाला, असे काहींनी विचारले. पोट भरलेला कुत्रा कमी आक्रमक होतो, असे काहींनी सांगितले. वाद बाजूला ठेवून त्या यादीकडे पाहा. पदार्थ माणसाच्याच स्वयंपाकघरातले आहेत, पण ते बिर्याणीसारखे मसालेदार नाहीत, मोजून दिलेले आहेत. ‘माणसाचे अन्न’ आणि ‘माणसाच्या ताटातले अन्न’ यांत हाच फरक आहे.

२. ओढ का वाटते?

कुत्रा लांडग्याच्या कुळातला. किमान १५,००० वर्षे तो माणसाच्या सोबतीने राहत आला आहे. माणसाने टाकलेले अन्न खाता खाता त्याचे शरीरही बदलले. भात-पोळीतील पिष्ठ पचवण्यास मदत करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, असे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळले. म्हणून कुत्रा मिश्राहारी बनू शकला.

मांजराची गोष्ट निराळी आहे. माणसाने धान्य साठवले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. इतका सहवास घडूनही मांजर पूर्ण मांसाहारीच राहिले. त्याला गोड चवच कळत नाही, कारण ती ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे. हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले. मग मांजर श्रीखंडाची वाटी का चाटते? साखरेसाठी नव्हे, तर त्यातील स्निग्धांशासाठी.

म्हणजे ओढीचे पहिले कारण वास आणि स्निग्धता हे होय. दुसरे कारण सवय. पाटाजवळ बसून केविलवाणे पाहिले की कधीतरी तुकडा मिळतो, हे प्राणी चटकन शिकतो. रोज मिळत नाही, पण कधीतरी मिळतो, म्हणून तर तो रोज आशेने बसतो. अशी चटक लागते आणि ती लावणारे आपणच असतो. तिसरे कारण काही जातींच्या रक्तातच असते. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडोर कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या जनुकाचा एक भाग गळालेला असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. अशा कुत्र्याला जेवण झाले तरी पुन्हा खावेसे वाटत राहते. त्याचे डोळे ‘भूक लागली’ म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात, पण ती पोटाची गरजही नसते.

पाठगत प्रश्न १

(अ) कुत्रा मिश्राहारी का बनू शकला?
(आ) मांजर श्रीखंड कशासाठी चाटते?
(इ) योग्य पर्याय निवडा. प्राण्याला पाटाजवळ बसण्याची चटक कोण लावते?
(१) निसर्ग (२) माणूस (३) दुसरा प्राणी

३. आपले अमृत, त्यांचे विष

कांदा आणि लसूण यांशिवाय आपल्या रश्श्याला चव येत नाही. पण त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजर याला अधिक बळी पडते. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदाही त्याला बाधू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम कांदा पुरेसा आहे. शिजवल्याने हा दोष जात नाही. कांदेपोहे, बिर्याणीचा मसाला, पावभाजी यांतून तो नकळत पोटात जातो.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य माणसाचे शरीर लवकर बाहेर टाकते. कुत्र्याच्या शरीरात ते फार वेळ राहते, हृदयाची गती वाढवते आणि मात्रा मोठी असल्यास झटके आणते. चॉकलेट जितके काळे व कडू, तितके अधिक घातक. चहा-कॉफीतील कॅफीनही तसेच. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. साखरविरहित च्युइंग गम व गोळ्यांत वापरला जाणारा झायलिटॉल हा गोडवा कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी खाली आणतो. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिंबळ्या होतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात. तुपातले, तळलेले पदार्थ एकदम खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

येथे अनेक जण म्हणतात, ‘आमचा मोत्या वर्षानुवर्षे सगळे खातो, त्याला काही होत नाही.’ हा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. कांद्याचा परिणाम अनेकदा तीन-चार दिवसांनी दिसतो, तेव्हा त्या दिवशीचे जेवण कुणाच्या लक्षात राहत नाही. रस्त्यावरची धडधाकट कुत्री आपल्याला दिसतात. जी टिकली नाहीत, ती दिसत नाहीत. ‘काही झाले नाही’ आणि ‘काही होत नाही’ ही दोन निराळी वाक्ये आहेत.

४. दूधपोळीचे मांजर

मराठी घरांत मांजराला दूधपोळी किंवा दूधभात घालतात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि जुलाब होतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मांजराला टॉरीन हे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. ते मांसमासळीत असते, पोळीभातात नसते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाऊ शकते. १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याच अभावाचा हृदयविकाराशी असलेला संबंधही उलगडला.

मग आजीचे मांजर दूधभातावर कसे जगले? त्याचे उत्तर आजीच्या स्वयंपाकघरात नव्हे, तर माळ्यावर आणि परसात होते. ते मांजर दिवसभर उंदीर, पाली, पाखरे मारून खात असे. दूधभात हा त्याचा वरचा घास होता. आज चौथ्या मजल्यावरच्या बंद घरातील मांजरापुढे फक्त वाटी असते. रीत तीच राहिली, पण भोवतालची परिस्थिती बदलली. मांजराच्या पोटाची गरज मात्र बदललेली नाही.

५. दयेची रीत

याचा अर्थ घास देऊच नये असा नाही. कुत्र्याला बिनहाडाची उकडलेली कोंबडी, उकडलेले अंडे, साधा भात, उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर देता येते. मांजराला शिजवलेले मांस अथवा काटे काढलेली मासळी थोडी द्यावी. रोजचे अन्न मात्र टॉरीनयुक्त मांजरखाद्य असावे. वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. विषारी पदार्थ खाल्ल्याचे कळले, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. काय, किती व केव्हा खाल्ले हे टिपून ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे.

रस्त्यावरच्या प्राण्याला घालताना आणखी एक भान हवे. सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे भारतीय संविधानाच्या कलम ५१-क मध्ये सांगितलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी आहे. त्याचबरोबर, २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक प्रभागात अन्न देण्याच्या जागा ठरवण्यास सांगितले आणि वाटेल तेथे रस्त्यावर अन्न घालण्यास मनाई केली. शाळेच्या दारात किंवा जिन्याखाली टाकलेल्या अन्नावरून कुत्र्यांची भांडणे होतात. मूल त्यातून जाते आणि चावले जाते. चावा बसल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात लस घेणे आवश्यक आहे. एकदा लक्षणे दिसू लागली की रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अन्न द्यावे, जागा स्वच्छ करावी आणि निर्बीजीकरण व लसीकरण यांसाठी साहाय्य करावे.

नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, त्या कथेचे सार तुपात नाही. समोरच्या जीवाला काय हवे असेल, याची त्यांना तळमळ होती, हे त्याचे सार आहे. ती तळमळ आज आपल्यापाशी असेल, तर कधीकधी ताटातला घास हातातच थांबवावा लागेल.

पाठगत प्रश्न २

(अ) कांद्यामुळे प्राण्याच्या शरीरात काय घडते?
(आ) रिकाम्या जागा भरा. मांजराला ............ हे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते.
(इ) चूक की बरोबर ते लिहा. हाड शिजवल्यास ते कुत्र्याला सुरक्षित होते.

शब्दार्थ

अमदानी – राजवट, कारकीर्द
निविदा – काम देण्यासाठी मागवलेले दरपत्रक
पिष्ठ – धान्य व कंद यांतील पोषक घटक
स्निग्धांश – तेल-तुपासारखा अंश
मिश्राहारी – धान्य व मांस दोन्ही खाणारा
निर्बीजीकरण – प्रजनन थांबवण्याची शस्त्रक्रिया

भाषाभ्यास

वाक्प्रचार : चटक लागणे – एखाद्या गोष्टीची अनावर सवय होणे. दबा धरून बसणे – झडप घालण्यासाठी लपून राहणे.

सामासिक शब्द : ‘कांदेपोहे’ म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. येथे मधली पदे लोप पावली आहेत, म्हणून हा मध्यमपदलोपी समास. ‘भाजीपाला’ म्हणजे भाजी, पाला वगैरे. हा समाहार द्वंद्व समास.

आपण काय शिकलो?

- प्राण्याची ओढ ही नेहमीच त्याची गरज नसते.
- कुत्रा मिश्राहारी, तर मांजर पूर्ण मांसाहारी आहे.
- कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, झायलिटॉल व शिजवलेली हाडे देऊ नयेत.
- दयेला ज्ञानाची आणि नागरी शिस्तीची जोड हवी.

पाठान्त प्रश्न

१. ‘काही झाले नाही’ आणि ‘काही होत नाही’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. आजीचे मांजर आणि बंद घरातील मांजर यांच्या आहाराची तुलना करा.
३. तुमच्या वस्तीत भटक्या कुत्र्यांना अन्न देण्यावरून वाद झाला आहे. दोन्ही बाजूंना पटेल असे निवेदन प्रभाग कार्यालयाला लिहा.
४. पुढील शब्दांचे समास ओळखा : साखरभात, मीठभाकर.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पिष्ठ पचवण्यास मदत करणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात अधिक असल्यामुळे. (आ) त्यातील स्निग्धांशासाठी. (इ) माणूस.
२. (अ) तांबड्या रक्तपेशी फुटतात. (आ) टॉरीन. (इ) चूक.