मोठे छिद्र आणि होल सॉ : निवड व वापर

लाकडात वा पत्र्यात बोटाएवढे छिद्र पाडण्यास साधे ड्रिल बिट पुरते. परंतु सांडपाण्याचा पाइप, टाकीचा जोड किंवा दाराचे गोल कुलूप बसविण्यासाठी रुंद छिद्र हवे असते, तेव्हा होल सॉ लागतो. छिद्रातील सर्व पदार्थाचा भुगा न करता केवळ कडेचे वर्तुळ कापावयाचे व मधली चकती अखंड काढावयाची, हे त्याचे तत्त्व. ते नवे नाही. प्राचीन इजिप्तचे कारागीर तांब्याची नळी वाळूवर फिरवून ग्रॅनाइट कोरीत असत. नळी मऊ तांब्याची; कापण्याचे काम वाळूचे कठीण कण करीत. कापणारी धार पदार्थाहून कठीण हवी, हा निवडीचा पहिला नियम येथेच सापडतो.

त्यानुसार लाकूड, प्लॅस्टिक, लोखंडी पत्रा व ॲल्युमिनियम यांसाठी हायस्पीड स्टीलच्या दातांचा बायमेटल सॉ घ्यावा. स्टेनलेस स्टीलसाठी टंगस्टन कार्बाइडच्या दातांचा, तर फरशी, काच व ग्रॅनाइटसाठी हिऱ्याच्या कणांचा सॉ योग्य. फरशी-काच कापताना मशीनचा हॅमर बंद ठेवावा आणि धारेवर पाणी सोडावे; ते मशीनमध्ये मात्र शिरू देऊ नये.

मापाबाबत पाइपच्या नावावर विसंबू नये. एक इंची जी.आय. पाइपचा बाहेरील व्यास सुमारे ३४ मि.मी. असतो, २५ मि.मी.च्या छिद्रात तो जाणार नाही. टाकीसाठी जोडाच्या आट्यांचा बाहेरील व्यास मोजावा. छिद्र किंचित लहान पडले तर कानशीने वाढविता येते. मोठे पडले तर टाकी गळते.

व्यास वाढेल तसा वेग कमी करावा. साध्या लोखंडी पत्र्यासाठी २५ मि.मी.च्या बायमेटल सॉला मिनिटास सुमारे ३५० फेरे, तर ५० मि.मी.च्या सॉला सुमारे १७० फेरे पुरेत. व्यास दुप्पट झाला की प्रत्येक फेऱ्यात दात दुप्पट अंतर घासतात, तापतात व बोथट होतात. लोखंडावर तेलाचे थेंब सोडावेत. लाकडात मधले पायलट बिट पलीकडे डोकावताच थांबावे व उरलेला भाग उलट बाजूने कापावा. म्हणजे कड फाटत नाही.

खरा धोका दात अडकण्याचा. मोठा सॉ अडकला की मशीन उसळून मनगटास पीळ देते. हाडही मोडू शकते. म्हणून वस्तू क्लॅम्पने आवळावी, मशीनची बाजूची मूठ दुसऱ्या हाताने घट्ट धरावी. डोळ्यांवर चष्मा असावा. सैल बाही, ओढणी व हातमोजे फिरत्या सॉपासून दूर ठेवावेत. सॉमध्ये अडकलेली चकती तापलेली असते. प्लग काढून, ती निवल्यावरच सोडवावी.

पालकांनी हे काम मुलांस शिकविताना प्रथम टाकाऊ फळीवर एक छिद्र पाडावयास लावून ते मोजून घ्यावे. सॉवर लिहिलेल्या मापाहून छिद्र किंचित मोठे पडते, हे त्यांना तेथेच कळेल.