तापलेला वायू का निसटत नाही?

नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री साडेआठच्या सुमारास चिखलदऱ्याच्या पठारावरून दक्षिणेकडे द्विनेत्री रोखली, तर क्षितिजापासून साधारण 43 अंशांवर एक धूसर, लांबट ठिपका दिसतो. ही एनजीसी 253 नावाची दीर्घिका. कॅरोलिन हर्शेल यांनी ती 1783 साली शोधली. तिचे अंतर सुमारे 1 कोटी 10 लाख प्रकाशवर्षे आहे.

या दीर्घिकेच्या गाभ्यात तारानिर्मितीचा जणू उद्रेक झाला आहे. प्रमाण ध्यानात येण्यासाठी आपली आकाशगंगा अकोला ते अमरावती एवढी, म्हणजे 100 किलोमीटर रुंद माना. त्या मापाने हा गाभा जेमतेम एक किलोमीटर भरेल. आपल्या साऱ्या आकाशगंगेत वर्षाला सुमारे दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे जन्मतात. जवळजवळ तेवढेच तिथे या एका किलोमीटरात जन्मतात! दीर्घिकेच्या मध्यातून आडवा गेलेला ताऱ्यांचा पट्टा वायूला सतत आत लोटतो, म्हणून तेथे एवढा साठा जमतो.

धुळीमुळे हे दृश्य साध्या दुर्बिणीतून दिसत नाही. रेडिओ तरंग मात्र धुळीतून पार होतात. चिलीतील आल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 2018 साली या गाभ्यात घडत असलेले 14 तारकागुच्छ वेगळे ओळखता आले. एकेकाचा व्यास दहाएक प्रकाशवर्षे. आपल्या नकाशावर 10 मीटर, म्हणजे शाळेतील एक वर्गखोली! तेवढ्यात लाखभर सूर्यांचे वस्तुमान. सूर्याभोवती एवढाच गोल आखला, तर त्यात सूर्य आणि मित्र ताऱ्याचे तीन घटक असे चारच तारे सापडतात.

येथे एक शंका यावी. नवे तेजस्वी तारे भोवतालचा हायड्रोजन 10,000 अंशांपर्यंत तापवतात. असा वायू सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास वेगाने पसरू लागतो. मग तो निसटून तारानिर्मिती थांबत कशी नाही?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. मुक्तिवेग = √(2GM/R). पृथ्वीसाठी वापरतो तेच सूत्र. M म्हणून 1 लाख सूर्य (2×10³⁵ किलोग्रॅम) आणि R म्हणून 5 प्रकाशवर्षे (4.7×10¹⁶ मीटर) घाला. मुक्तिवेग सेकंदाला सुमारे 24 किलोमीटर येतो. 10 किलोमीटरने धावणारा वायू सुटणार कसा? गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवते व त्यातून आणखी तारे घडत राहतात. आता मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा गुच्छ घ्या. वस्तुमान दोनेक हजार सूर्य. त्रिज्या तेवढीच धरली, तर वस्तुमान 50 पटींनी कमी, म्हणून मुक्तिवेग √50, म्हणजे सातपट कमी. साडेतीन किलोमीटरही नाही. तेथील वायू म्हणूनच उधळून चालला आहे.

अर्थात मोठ्या गुच्छातही वायू कायमचा कोंडून राहत नाही. ताऱ्यांच्या प्रकाशाचाही दाब असतो, आणि एनजीसी 253 मधील तीन गुच्छांतून वायू बाहेर फेकला जात असल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले. अशा तापलेल्या वायूचा एक गुण उपयोगी पडतो : तो लांब रेडिओ तरंग अधिक गिळतो. जुन्नर तालुक्यातील खोडदची दुर्बीण (प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना) हेच लांब तरंग टिपते. ते किती मंदावले, यावरून वाटेतील वायूचा अंदाज बांधता येतो.

सप्तर्षींच्या बाजूला असलेल्या एम 82 या दीर्घिकेतही असे शंभराहून अधिक गुच्छ सापडले आहेत. त्यांपैकी एखाद्याचे वस्तुमान 10 लाख सूर्य आणि त्रिज्या वरचीच धरून मुक्तिवेग काढून पाहा. उत्तर सेकंदाला 75 किलोमीटरच्या जवळपास यावे.