हिरड्यांचे दुखणे व आवळा

दातण करिताना थुंकीत रक्त दिसले, म्हणजे मुर्री व गोंदियाच्या बाजूचे कित्येक लोक गुडाखूची डबी उघडितात. ठणका क्षणभर कमी भासतो खरा. परंतु गुडाखूत तंबाखू व गूळ असतात, आणि दोन्ही दातांचे वैरीच होत. खर्ऱ्याविषयी तर काय लिहावे! सुपारी व तंबाखू यांनी तोंडाचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद ठरले आहे.

सन १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने हिरड्या सडलेले १२ खलाशी निवडून दोघादोघांस निरनिराळे उपचार दिले. ज्या दोघांस रोज दोन संत्री व एक लिंबू मिळे, त्यांपैकी एक सहा दिवसांतच कामास योग्य झाला. त्या फळांतील द्रव्यास आज क जीवनसत्त्व म्हणतात. त्यावाचून हिरड्यांची वीण उसवते. आपल्या रानच्या आवळ्यात ते संत्र्याहून कितीतरी पट अधिक असते. आम्ही म्हणतो, कार्तिकापासून माघापर्यंत रोज एक आवळा कच्चाच खावा. मुरब्ब्यात साखर फार. खाल्ल्यावर चूळ भरावी, परंतु लागलीच दात घासू नयेत. आंबटाने दाताचे कवच मऊ होते. आवळा सरल्यावर पेरू आहेच.

तथापि दातांच्या मुळाशी किटण साचले असेल, तर एकटा आवळा पुरणार नाही; ते काढवूनच घ्यावे. आणि तोंडातील जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास गोंदियाच्या सरकारी इस्पितळात दाखवावा. गुडाखू लावून वाट पाहू नये.