न केलेली सही

माझा धाकटा भाऊ चाकणला प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता. आता डाव्या डोळ्याने त्याला अंधुक दिसतं, म्हणून कंपनीने स्टोअरला बसवलंय. जीव वाचला, पण त्या डोळ्याच्या नुकसानीत माझा वाटा आहे. नऊ दिवसांचा. तसे नऊ दिवस दुसऱ्या कुणाच्या घरात वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

दिवाळीनंतर त्याचं डोकं दुखायला लागलं. नाइट शिफ्ट करून तो भोसरीला घरी यायचा, म्हणून आम्ही जागरणाला दोष दिला. मग पित्ताला, मग चष्म्याच्या नंबराला. तीन आठवडे गेले. दुखणं रोज थोडं वाढायचं. आडवं झालं की जास्त, पहाटे उलटी, अंगात बारीक ताप. सीटी स्कॅन केला तर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "कमरेतून पाणी काढून तपासू. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर त्यातच कळेल." त्यांनी फॉर्म पुढे केला.

मी गावी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "पाठीतलं पाणी काढू देऊ नको, माणूस लुळा होतो." मी सही केली नाही. दुसऱ्या कागदावर मात्र केली, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत असल्याच्या. नवव्या दिवशी भावाला एकाचे दोन दिसायला लागले, आणि त्याने मला वडिलांच्या नावाने हाक मारली.

दुसऱ्या हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला भावाजवळच उभं केलं. "दादा, तुम्हीच धरा त्याला." भावाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन मी धरून ठेवलं. सुई गेली आणि तिला उभी नळी जोडली. नळीत पाणी चढायला लागलं. वीस सेंटिमीटरच्या आत असावं लागतं, ते अडतीसवर जाऊन थांबलं. मग चार छोट्या बाटल्यांत थेंब थेंब धरलं. दिसायला अगदी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ.

मॅडमनी नंतर समजावलं ते काकांना तेव्हाच सांगता आलं असतं, तर! मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. शरीर रोज जवळपास अर्धा लिटर हे पाणी नवीन तयार करतं. तपासणीला काढलेलं तासाभरात भरून निघतं. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, पण पाय जातात ही भीती निराधार आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगायचं.

पहिला रिपोर्ट आला: पेशी वाढलेल्या, प्रोटीन जास्त, साखर कमी. "हा मेंदूज्वर टीबीचाही असू शकतो," मॅडम म्हणाल्या, "आणि बुरशीचाही. आकडे दोन्हीकडे सारखेच दिसतात." टीबीच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड उपयोगी पडतं. तेच औषध, क्रिप्टोकोकस या बुरशीचा मेंदूज्वर झालेल्या एचआयव्ही रुग्णांना दिलं तर अपाय होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं. म्हणून अंदाजावर न थांबता त्याच पाण्यातून त्यांनी टीबीची सीबीनॅट, इंडिया इंकची तपासणी, क्रिप्टोकोकस अँटिजेन आणि कल्चर, सगळं पाठवलं. इंडिया इंकमध्ये काही दिसलं नाही. अँटिजेनची पट्टी दहा मिनिटांत पॉझिटिव्ह आली. पाचव्या दिवशी कल्चरमध्येही बुरशी वाढली. एका निगेटिव्ह रिपोर्टवर सुटकेचा श्वास टाकायचा नसतो, हे मी तिथे शिकलो.

एचआयव्हीची टेस्ट लिहिली तेव्हा मी चिडलो होतो. १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने सुरू झालेली संस्था आमच्या भोसरीतच आहे, तरी माझी समज एवढीच. तो आजार असला की ही बुरशी जास्त गाठते, म्हणून विचारावंच लागतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग मॅडमनी विचारलं, "दुसरं काही औषध?" भावजय हळूच म्हणाली, कंबरदुखीला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणायचे, सहा महिने. त्यात डेक्सामिथासोन होतं. पाठीच्या गोळीचा डोक्याशी काय संबंध, असं वाटून आम्ही आधी सांगितलंच नव्हतं.

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत असते. आपण सगळेच ती श्वासात घेतो, निभावतं. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात ती मेंदूपर्यंत पोचते.

वडील पिंपरीच्या एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनीत होते. पिंपरीच्या मातीतल्या जंतूपासून तिथे हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध काढलं, हे ते अभिमानाने सांगायचे. त्या जंतूच्या नावातही पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. भावाला सलाइनमधून दिलेलं ॲम्फोटेरिसिन त्याच कुळातलं. त्याने किडनीवर ताण येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून वारंवार रक्त तपासायचे. पुढे फ्लुकोनाझोलच्या गोळ्या कित्येक महिने. औषध होतं. रोगाचं नाव कळायला नऊ दिवस उशीर झाला, तो माझ्यामुळे.

म्हणून सांगतो. दोन आठवड्यांवर टिकलेली, वाढत जाणारी डोकेदुखी, त्यात उलटी, ताप, दोन-दोन दिसणं किंवा बरळणं, यातलं काहीही आलं की मोठं हॉस्पिटल गाठा. सीटी नॉर्मल म्हणजे मेंदूज्वर नाही असं धरू नका. पाण्याचा दाब मोजला का, बुरशीचा अँटिजेन पाठवला का, हे नम्रपणे पण नक्की विचारा. घेतलेली प्रत्येक गोळी सांगा, पाठीत घेतलेलं इंजेक्शनही. अमेरिकेत २०१२ साली बुरशीने दूषित झालेल्या स्टिरॉइड इंजेक्शनांनी साडेसातशेच्या वर लोक आजारी पडले, साठाहून जास्त दगावले. ती बुरशी वेगळी होती, ती क्रिप्टोकोकसच्या पट्टीवर दिसत नाही. ईएसआयचं कार्ड असेल तर पहिल्या दिवशीच रेफरलचं विचारा.

भावाच्या कमरेतून नंतर आणखी तीनदा पाणी काढलं, फक्त दाब उतरवायला. पहिल्याच वेळी अर्ध्या तासात त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "दादा, हलकं वाटतंय," म्हणाला आणि महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपला. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर मी सही केली. पहिल्या फॉर्मवरची जागा मात्र कोरीच राहिली.