हानलेला जाताना

लडाखमधल्या हानलेला जायचं ठरलं की आधी कालनिर्णय उघडा, विमानाची तिकिटं नंतर. अमावास्येच्या मागचेपुढचे तीन-चार दिवस पक्के करा. माझी पसंती सर्वपित्री अमावास्येला. तेव्हा वसई-विरारला पाऊस रेंगाळत असला तरी लडाख पर्जन्यछायेत असतो आणि अंधार पडताच धनू राशीतला आकाशगंगेचा दाट पट्टा नैऋत्येला दिसू लागतो. दिवाळीपर्यंत थांबलात तर रात्री उघड्यावर उभं राहवत नाही.

लेहहून उपशी, न्योमा, लोमा असा साधारण अडीचशे किलोमीटरचा रस्ता. गाव सुमारे 4,300 मीटरवर, तर त्याच्या वरच्या डोंगरावर 4,500 मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळूरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. रात्री तिच्यातून पाहायला मिळेल, ही आशा मात्र ठेवू नका. डिसेंबर 2022 मध्ये हा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. गावातल्या काही तरुण-तरुणींना प्रशिक्षण आणि दुर्बिणी मिळाल्या आहेत. शक्यतो त्यांच्याच घरी उतरा.

खरी काळजी उंचीची. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, आणि आपण राहतो समुद्राकाठी. जीवदानीच्या पायऱ्या धावत चढणाऱ्यालाही लेहमध्ये, 3,500 मीटरवर, हॉटेलचा जिना चढताना धाप लागते. हानलेला हवेचा दाब आपल्यापेक्षा जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात; ट्रेकचा सराव किंवा तरुण वय ते दिवस वाचवत नाही. लेहमध्ये दोन रात्री नुसती विश्रांती, जमल्यास तीन. मग चुमाथांग किंवा न्योमाला एक मुक्काम. डोकं ठणकतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. दारू नकोच. आठवड्याच्या सुट्टीत नुब्रा, पँगाँग आणि हानले कोंबणारे बेत मला धोक्याचे वाटतात. नुब्रा पुढच्या खेपेला ठेवा.

इनर लाइन परमिट आधीच काढा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, गटात एक तरी पोस्टपेड हवं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीने झटकन उतरतात, त्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो आणि कुणीतरी मोबाइल उघडला की तो अर्धा तास सगळ्यांचाच वाया जातो.

हानलेला जाण्याआधीच्या हिवाळ्यात एक-दोन रात्री मोखाड्याच्या सूर्यमाळला, नाहीतर दिव्याला गाडी बदलून वांगणीला काढा. नकाशाशिवाय मृग, कृत्तिका, सप्तर्षी ओळखता आले पाहिजेत. हानलेत इतके तारे दिसतात की ओळखीची नक्षत्रंही त्यांत हरवतात. आणि अगस्त्य इथूनच पाहून जा. वसईहून तो दक्षिण क्षितिजाच्या 18 अंश वर येतो, हानलेहून जेमतेम साडेचार, म्हणजे डोंगराआडच. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नवाच्या सुमारास भुईगावच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. व्याध दिसला की त्याच्या खाली, किंचित उजवीकडे पाहा.