तिला आधी नुसतं राहू दे

अगं, फोटो बघितला. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या गोदामात आखूड साखळीला बांधलेली, बरगड्या मोजता येतील अशी ती कुत्री तू घरी आणणार म्हणालीस, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. पण पुढे जे म्हणालीस, की रविवारी तिला छान आंघोळ घालते, सगळ्यांना बघायला बोलावते आणि आठवड्याभरात घर शोधून टाकते, तिथे मी तुला अडवणार आहे. मोठी बहीण म्हणून तेवढा हक्क आहे माझा. या कामात सगळ्यात जास्त नुकसान घाईनं होतं. औषधं मिळतात, डॉक्टर मिळतात, पैसेही कुठून तरी उभे राहतात. घाई मात्र आपली आपल्यालाच आवरावी लागते.

सगळ्यात आधी गोदामवाल्याकडून दोन ओळी लिहून घे की कुत्री मी स्वखुशीनं देतोय. त्याच्याशी भांडू नकोस. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला फार वेळ आखूड किंवा जड साखळीनं जखडून ठेवणं गुन्हा आहे, उपाशी मरायला सोडून देणंही गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. त्या धाकानं कोण ऐकणार? गोडीनं बोललीस तर कागद मिळेल, आणि उद्या त्यानं ‘माझी कुत्री परत द्या’ म्हणून तगादा लावला तर तो कागदच कामाला येईल.

तिथून थेट घरी नाही, आधी डॉक्टरांकडे. घोडबंदर रस्त्याला ठाणे एसपीसीएचं रुग्णालय आहे. डोंबिवलीत निलेश भणगे यांनी उभ्या केलेल्या ‘पॉज’ या संस्थेची माणसं कितीतरी वर्षं हेच काम करतायत, त्यांना विचार. फारच गंभीर असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. रक्त तपासून घे. आपल्याकडच्या दमट हवेत गोचिडी वर्षभर असतात आणि त्यांच्यामुळे होणारा ताप वरून दिसत नाही. कुत्रं नुसतं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि आपल्याला वाटतं बिचारी घाबरलीय. केस गेलेत तिथली त्वचा खरवडून बघायला सांग. खरजेचा एक प्रकार आपल्यालाही होतो, दुसरा होत नाही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. मानेवर साखळीचा घाव आहे, त्यात किडे पडले असतील तर ते डॉक्टरांनाच काढू दे. आणि घरातली दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नकोस. आपल्याला चालणारी साधी वेदनाशामकं कुत्र्यांच्या पोटाची, मूत्रपिंडाची नासाडी करतात.

लस आणि नसबंदी कधी, हे डॉक्टर ठरवतील. अशक्त, तापलेल्या जनावराला त्याच दिवशी सगळं टोचून मोकळं व्हायचं नसतं. तुझ्या घरच्या कुत्र्याला, मोत्याला मात्र सुरुवातीचे दोन आठवडे तिच्यापासून पूर्ण लांब ठेव. भांडी वेगळी, फडकी वेगळी, तिच्याकडे जायच्या चपलासुद्धा वेगळ्या. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि नुसत्या फिनेलला तो दाद देईलच असं नाही. ब्लीच पाण्यात मिसळून त्यानं लादी पूस. पावसाळ्यात लेप्टोचीही भीती असते, म्हणून तिची लघवी उचलताना हातमोजे घाल. स्वतःसाठी रेबीजचे आधीच घ्यायचे डोस घेऊन ठेव. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालय गाठायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, आणि ‘जरासंच तर लागलंय’ असं म्हणायचं नाही.

आता खाण्याचं. उपाशी जीव बघितला की आपला हात सैल सुटतो. आवर. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट अन्न सोसत नाही, त्यातून जीवही जाऊ शकतो. मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा काही नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. प्रमाण डॉक्टरांकडून घे. दूध नको, बहुतेकींना जुलाब होतात. शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत. आणि ती खात असताना जवळ उभी राहू नकोस. ताट ठेवायचं आणि निघून जायचं. जिनं आजवर घासासाठी मार खाल्लाय, तिला हे कळायला वेळ लागतो की इथे ताट कुणी ओढून घेत नाही.

घर म्हणजे तिला काय असेल याचा विचार कर. तिनं कधी गुळगुळीत लादी बघितलेली नाही, पाय घसरतात म्हणून ती एकाच जागी खिळून बसेल. सतरंज्या, गोणपाटं अंथर. कुकरची शिट्टी, मिक्सर, डोक्यावर फिरणारा पंखा, लिफ्टचं आपोआप मिटणारं दार, सगळं भीतीचं. एक कोपरा दे, शक्यतो पलंगाखालचा किंवा टेबलाखालचा, आणि तिथे कुणी हात घालायचा नाही असा घरात नियम कर. आंघोळ राहू दे. पाहुणे राहू देत. तू खोलीत जा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बस, पुस्तक वाच, फोनवर हळू बोल. डोळ्यात बघू नकोस, डोक्यावरून हात नेऊ नकोस. चिकनचा तुकडा तिच्या दिशेनं टाकायचा आणि विसरायचं. ती जांभया देईल, ओठ चाटेल, मान वळवेल. ती झोप नाही आणि भूकही नाही, ‘अजून लांब राहा’ असं ती सांगत असते. गुरगुरली तरी रागावू नकोस. गुरगुरणं दाबलं की कुत्रं न सांगता चावायला शिकतं.

एके दिवशी ती आपणहून येऊन तुझ्या पावलाचा वास घेईल. तेव्हाही हात पुढे करू नकोस. मला विचारशील तर या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण हेच. आपल्या प्रेमाला तिच्या गतीनं चालायला लावायचं. साधारण तीन दिवसांत धडधड कमी होते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसतो असं या क्षेत्रातले लोक सांगतात. काहींना याहून बराच जास्त वेळ लागतो.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको: निसटणं. वाचवून आणलेली कितीतरी कुत्री पहिल्याच दिवसांत दारातून, रिक्षातून पळतात आणि पुन्हा सापडत नाहीत. गळ्यात घाव आहे म्हणून छातीचा पट्टा घाल, आणि दोन दोऱ्या वापर. सेफ्टी डोअर लावल्याशिवाय मुख्य दार उघडायचं नाही, कुरिअरवाला आला तरी. गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके या दिवसांत तिला आतल्या खोलीत ठेव आणि खाली न्यायचं ते पहाटेच्या शांततेत. सोसायटीत कुणी ठराव दाखवला तर नम्रपणे सांग की प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानंसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण जिन्यात घाण झाली तर स्वतः पूस.

आणि आता घर शोधण्याबद्दल. तिचे फोटो टाकलेस की भराभर फोन येतील. ‘फार्महाऊसवर राखणीला हवी’ म्हणणाऱ्याला नाही म्हण. ती एका साखळीतून सुटलीय, दुसरीत जायला नको. ‘मुलाच्या वाढदिवसाला भेट’ म्हणणाऱ्यालाही नाही. चांगलं घर असलं तरी विचार: नवरा-बायको दोघं सकाळच्या फास्ट लोकलनं गेल्यावर घरी कोण? सासूबाईंची मनापासून संमती आहे का? भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का? बदली झाली तर काय? तिच्या खोडी लपवू नकोस. ताटाजवळ गेलं की गुरगुरते, फटाक्यांना थरथरते, पुरुषांना घाबरते, सगळं सांग. ऐकून जो मागे फिरेल तो बरा झाला आधीच फिरला. तू त्यांच्या घरी जा, त्यांना तुझ्याकडे दोन-तीनदा येऊ दे, कागद कर, आणि त्यात स्पष्ट लिही की जमलं नाही तर कुत्री फक्त तुझ्याकडेच परत येईल. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलंय की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. हे वाक्य त्यांना वाचून दाखव.

पार्लरमध्ये, बोर्डिंगमध्ये तिला एकटं सोडायच्या आधी चौकशी करायलाही त्यांना सांग. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या ठाण्यातल्याच एका क्लिनिकमध्ये चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्याला कर्मचारी मारतायत असा व्हिडिओ बाहेर आला होता, तू बघितलाच असशील. महागडी जागा म्हणजे मायेची माणसं, असं नसतं.

ती जाईल तेव्हा तुला फार लागेल. आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी तू मला ‘मीच ठेवून घेऊ का’ म्हणून फोन करशील. खरंच झेपणार असेल, मोत्याशी जमलं असेल, तर ठेव, त्यात काही वाईट नाही. पण तुझा एक कोपरा मोकळा राहिला तरच गोदामातली पुढची तिथे येऊ शकेल, हेही मनात धर.

शनिवारी तिला आणायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस. मला वेळ कळव, मी डोंबिवलीहून येते. दोन्ही दोऱ्या आणि गोणपाटं माझ्याकडे आहेत, तू फक्त ओळखीचा रिक्षावाला बघून ठेव.